लाल गोल

तो लाल गोल मी काढला.
महापेच्या ऑफिसात, रात्रपाळीला,
एसीच्या गारठ्यात शाल गुंडाळून.

बेलापूर स्टेशनच्या मागल्या अंगाला
एका बंद पडलेल्या बँकेची काळी काच आहे.
तिला आरसा समजून नऊ जण नाचतात, आठ ते दहा.
तासाला पैसे मागणारे आरसे परवडत नाहीत.
वॉचमनचा मोबाइल त्यांच्याच बॅटरीवर चार्ज होतो.

रिपोर्टरनं सत्तेचाळीस मिनिटांचं फुटेज पाठवलं.
त्यात लौकिक मढवी सांगतो
की डोक्यावर गरगर फिरायला त्याला चौदा महिने लागले,
पहिले तीन तर नुसती मान सांभाळण्यात गेले,
की टोपी स्टाईल म्हणून नाही,
फिरून फिरून टाळूला रुपयाएवढं टक्कल पडलंय
आणि आई म्हणते, तुला आता मुलगी कोण देणार.
सगळे हसतात.
जुई कोकरे सगळ्यांत जास्त,
गुडघ्याला पट्टी बांधता बांधता.

ते हसू मी निम्म्या वेगावर टाकलं.
निम्म्या वेगावर कुठलंही हसू
नशेतलं दिसतं.
बघा करून, स्वतःच्या साखरपुड्याच्या व्हिडिओवर.

मग तो डबा.
लौकिक खिशातून काढतो, फरशीवर पांढरी पूड भुरभुरतो,
बुटानं पसरतो, तळवे घासतो.
तसाच डबा आमच्या माळ्यावर होता.
बाबा आणि मधुकाका रविवारी
राणीसाठी भांडायचे, बनियनभर पावडर.
डब्यावरचं नाव फुटेजमध्ये
वाचता येत होतं.

डेस्कवरून फोन : ते पांढरं काय आहे?
मी म्हणाले, पावडर.
ते म्हणाले, बरोब्बर.

म्हणून गोल. धडधडणारा.
खाली पट्टी : स्टेशनच्या अंधारात काय शिजतंय?
शिजत होते फक्त वडे,
आणि ती गाडी मी फ्रेमबाहेर ठेवली.
टोपीवर बाण, बाणापुढे शब्द : टोळीची खूण.
चेहरे धूसर केले, कारण मुलं अल्पवयीन,
आणि कायदा आम्हाला कळतो.
चेहरा धूसर केला की माणसानं
काहीतरी केलेलंच असतं.

पन्नास सेकंद उरले.
लौकिकचे चार शब्द ठेवले :
सवय लागली, सुटत नाही.
पुढचे तीन होते, पाठ दुखली तरी.

घणसोलीला आईनं ते जेवताना पाहिलं.
काय ही पोरं, म्हणाली.
मी भाजी वाढून घेतली.

महिना गेला असेल. सिडको भवनात काम होतं,
उशीर झाला, पाय तिकडे वळले.
सहाच जण होते. वॉचमन नवा.
काचेवर नोटीस चिकटवलेली, बरोबर
कमरेच्या उंचीवर,
त्यामुळे आरशात सगळे अर्धेच दिसत होते.
बूट फरशीला चिकटत होते, करकर वाजत होते.
पावडर नाही टाकत? मी विचारलं.
नाही काकू. टाकली की लोक फोन काढतात.

आणि ती मुलगी, पट्टीवाली?
तिच्या भावानं ओळखलं.
चेहरा तर धूसर होता, मी म्हणाले,
आणि जीभ चावली.
चेहरा होता, तो म्हणाला. मोजे नव्हते.
एक निळा, एक पिवळा.

त्यानं माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.
काही विचारलं नाही.
टोपी काढून पिशवीवर ठेवली,
हात टेकले, डोकं टेकलं,
आणि फिरू लागला.
करकर, करकर, मग आवाज नाही.

सवयीनं माझे डोळे
कापायची जागा शोधत राहिले.